आक्काचं ताट

आमच्या घरात माणूस आजारी पडायचं ते सकाळी. रात्री अंगात कसकस भरायची, सकाळी अंथरुणावरून उठवायचं नाही, की मग काढा, लंघन, विभूती असं सगळं रीतसर सुरू व्हायचं. आक्काचं मात्र उलटं होतं. ती सकाळी ठणठणीत असायची आणि दिवस मावळला की आजारी पडायची. रोजच्या रोज. अशा आजारावर कोण विश्वास ठेवणार?

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. मी तेरला लग्न होऊन आले तेव्हा तिला दोन लेकरं होती आणि घराची निम्मी सूत्रं तिच्या हातात होती. आमचं भुसाराचं आडत दुकान. पुढं दुकान, मागं घर. खेड्यापाड्यातून ज्वारी, तूर, करडईच्या गाड्या यायच्या, आणि लांबचा शेतकरी असला की मुक्काम आणि जेवण आमच्याकडंच. त्यामुळं आमची चूल गार अशी होतच नसे. आक्का उंच, धिप्पाड, मोठ्यानं हसणारी. लिंगायत घरातल्या सुनेनं असं ओसरीपर्यंत ऐकू जाईल इतकं हसू नये, हे तिला दर सोमवारी कुणीतरी सांगायचं आणि मंगळवारी ती विसरायची. माझी जीभ तिखट, हे तिनं पहिल्याच आठवड्यात ओळखलं. "माहेरी काय मिरच्याच खाऊ घालत हुते व्हय गं तुला?" असं म्हणायची. मला सासरी कुणी आपलं वाटलं असेल तर ती.

तिचं दुखणं सुरू झालं ते डोळ्यांपासून. दिवेलागणीला डावी पापणी खाली यायची. मग हळूहळू दोन्ही. दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती, निजामाच्या राज्यात रॉकेल दुर्मिळ झालं होतं, आणि मिणमिणत्या चिमणीपुढं सगळ्यांचेच डोळे मिटायचे, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. एकदा ती मला म्हणाली, "आगं, एवढं रॉकेल महाग अन् दोन चिमण्या कशाला लावल्यास?" चिमणी एकच होती. आमटी वाटीत वाढायच्या ऐवजी ती वाटीच्या शेजारी वाढू लागली, तेव्हा मात्र मी चपापले.

मग आवाज गेला. पहाटे जात्यावर बसली की पहिल्या चार ओव्या खणखणीत यायच्या आणि पुढं आवाज नाकातून येऊ लागायचा. जरा थांबली, पाणी प्याली, की पुन्हा बरा. मग हात गेले. सकाळी दोन घागरी घेऊन यायची, संध्याकाळी स्वतःची वेणी घालायला हात वर होईनात. वेणी मीच घालून द्यायचे.

आमच्या सासूबाई, आत्याबाई म्हणायचो आम्ही त्यांना, वाईट बाई नव्हत्या. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण सासूचं नाव निघालं की ऐकणाऱ्याचे कान टवकारतात. पण त्यांना जे दिसत होतं तेच त्या बोलत होत्या. "सकाळी घागरी आणती अन् सांजच्याला ताट उचलवत न्हाय. ह्ये कसलं दुखणं म्हणायचं, बाई?" चुलतसासूला इतका विचार पडत नव्हता. ती सरळ म्हणायची, "खायला काळ अन् भुईला भार. झोपल्यालं माणूस जागं करता येतंय, झोपंचं सोंग घेतल्यालं न्हाय."

मला ते सोंग वाटत नव्हतं, आणि त्याचं कारण साधं होतं. मी आक्काच्या बरोबर जेवत होते. आमच्याकडं आधी आमचे गुरू जंगमस्वामी आलेले असले तर ते, मग सासरे, दीर, माझे मालक, मुनीम, मुक्कामाचे शेतकरी, मग लेकरं, मग आत्याबाई, आणि सगळ्यात शेवटी आम्ही दोघी जावा. चुलीच्या उजेडात आक्का एका हातानं घास तोंडात घालायची आणि दुसऱ्या हातानं स्वतःची हनुवटी वर ढकलायची. जबडा आपोआप मिटत नव्हता. दोन घास झाले की भाकरी बाजूला ठेवून हुलग्याचं पातळ माडगं प्यायची. कामचुकार माणूस कामाचं सोंग करतं, जेवणाचं करत नाही. पण आम्हाला जेवताना बघायला तिथं होतं कोण?

इलाज केले नाहीत असं नाही. गावच्या वैद्यांनी सकाळी येऊन बघितलं, उस्मानाबादला हकिमांना दाखवलं, देवऋषीसुद्धा झाला. पण आजारी माणसाला परगावी न्यायचं म्हणजे आमच्याकडं त्याचा मान असायचा. आदल्या दिवशी त्याला कामाला हात लावू द्यायचा नाही, सकाळी न्हाऊमाखू घालायचं, धडकं लुगडं नेसवायचं, गाडीत गादी घालून निजवून न्यायचं. त्यामुळं आक्का प्रत्येकापुढं बसली ती ताज्या भाकरीसारखी. हकिमांनी नाडी बघितली, जीभ बघितली आणि माझ्या थोरल्या दिरांना, आक्काच्या मालकांना, म्हणाले, "तब्येत तो माशाअल्ला अच्छी है." ती परत आली आणि संध्याकाळी चुलीपुढं मान टाकून बसली. चुलतसासूला तर आयतंच फावलं.

शेवटी सासऱ्यांनी ठरवलं. आक्काला माहेरी, ईटला पाठवायचं. तब्येत सुधारेपर्यंत, असं ते म्हणाले. लेकरं तेरलाच राहतील. "सुधारेपर्यंत" या शब्दाचा अर्थ आम्हा बायकांना चांगला ठाऊक होता. अशी गेलेली बाई परत येत नाही. तिच्या जागी दुसरी येते.  त्या दिवशी आक्कानं सकाळच्या वेळात, अंगात जोर होता तोवर, दोन्ही लेकरांना न्हाऊ घातलं, आणि ती पुन्हा पुन्हा त्यांच्या अंगावरून हात फिरवत होती. मला तिच्याकडं बघवेना. मी गोठ्यात जाऊन रडले.

थोरले दीर तसे मुखदुर्बळ. बापापुढं त्यांनी कधी मान वर केली नव्हती. पण त्या वेळी ते म्हणाले, "एकडाव बार्शीच्या डॉक्टरला दावू. मग तुम्ही म्हणाल तसं." बार्शी म्हणजे इंग्रजी मुलूख. तिथं मुंबईला शिकून आलेला एक डॉक्टर होता. बाईमाणसाच्या सोबतीला बाई हवी म्हणून मी गेले.

तेरहून छोट्या आगगाडीनं आम्ही बार्शीला गेलो, नात्यातल्या घरी उतरलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, रीतीप्रमाणे न्हाऊनमाखून, डॉक्टरांपुढं हजर झालो. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली, डोळ्यांत बत्ती टाकली, हात दाबून बघितले. सगळं ठीक.  ईटची वाट दिसायला लागली मला.

पण हा माणूस हकिमांसारखा उरकणारा नव्हता. त्यांनी विचारलं, "त्रास कधी होतो?"

दीर म्हणाले, "सांजच्याला."

"मग सकाळी का आणलंत?"

"सकाळच्याला बरं असतंय म्हणून. आजारी माणसाला एवढ्या लांब कसं आणायचं?"

डॉक्टर खो खो हसले. "अहो मालक, बरं असताना आणलंत आणि आजार शोधा म्हणताय! संध्याकाळी घेऊन या. आणि दिवसभर यांना विश्रांती द्यायची नाही. घरी करतात ती सगळी कामं करू द्या."

ज्यांच्याकडं उतरलो होतो त्या बाईला वाटलं, काय ही माणसं, पाहुणी म्हणून आली आणि आल्या आल्या जात्याला बसली. आक्कानं तिचं दळण दळलं, धुणं धुतलं, अंगण सारवलं. मी आडवी आले की म्हणायची, "सर बाजूला. आज आजारी पडायलाच आल्ये म्या."

दिवस कलल्यावर दवाखान्यात गेलो तेव्हा तिची मान सरळ राहत नव्हती. डॉक्टरांनी तिला छताच्या तुळईकडं एकटक बघायला सांगितलं. बघता बघता दोन्ही पापण्या खाली आल्या. आकडे म्हणायला सांगितले, तर विसाच्या आत आवाज नाकात गेला आणि पुढं शब्दच कळेनात. डॉक्टरांचा चेहरा उजळला. त्यांना तसं बघून मला रागच आला. आमची बाई लुळी पडलीय आणि ह्यांना आनंद कसला? मग त्यांनी तिच्या दंडात एक सुई दिली आणि आम्हाला म्हणाले, "बसा. बघत राहा."

मी बघत राहिले. जरा वेळ काहीच झालं नाही. मग आक्काची उजवी पापणी हलली, वर गेली, मग डावी. डोळे पूर्ण उघडले. दिवेलागणीच्या वेळी मी तिचे उघडे डोळे वर्षात बघितले नव्हते. तिनं समोर बसलेल्या नवऱ्याकडं बघितलं, अगदी टक लावून, आणि म्हणाली, "बया! एकच की ह्ये. रोज सांजच्याला दोन दिसत हुते."

आवाज खणखणीत होता. डॉक्टर हसले, मी हसले, दीर मात्र उठून बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. डॉक्टरांच्या पत्नीनं आतून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणली. आक्कानं कोरडी भाकरी, हनुवटीला हात न लावता, चावून खाल्ली. खाताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि चावणं काही थांबत नव्हतं.

रोगाचं नाव त्यांनी इंग्रजीत सांगितलं, ते आम्हाला कुणालाच धरता आलं नाही. पुढं माझी नात डॉक्टर झाली तेव्हा तिच्याकडून कळलं, मायस्थेनिया ग्रॅव्हिस. नाव कळून मला काही जास्तीचं कळलं नाही. त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं ते पुरेसं होतं. म्हणाले, "नस हुकूम सोडते, पण तो मांसापर्यंत नीट पोचत नाही. सकाळी पोचतो, वापरून वापरून संध्याकाळी पोचेनासा होतो. हा आजार जाणार नाही. पण गोळ्या आहेत, त्यांच्यावर संसार होईल. जेवणाआधी अर्धा तास एक गोळी. गोळीचा जोर आहे तोवर घास खाली जाईल. घशाला जपा, घास श्वासनळीत गेला तर जीव जातो."

तेरला आल्यावर दिरांनी सगळं सांगितलं. सासऱ्यांनी पानाचा डबा पुढ्यात ओढला आणि म्हणाले, "म्हंजी सोंग न्हवतं तर." ईटचं नाव कुणी काढलं नाही. आत्याबाईंनी महादेवाला अभिषेक केला आणि गोळ्यांचा बंदोबस्त स्वतःच्या हातात घेतला. दिवेलागण झाली की देवापुढं हात जोडायचे आणि लगेच आक्काच्या तळहातावर गोळी ठेवायची. तीर्थ द्यावं तशी. एक दिवस चुकल्या नाहीत.

आणि तिथंच घोटाळा झाला. गोळी डॉक्टरांच्या वेळेवर आणि जेवण घरच्या रीतीवर. गोळी घेतली की आक्काच्या अंगात बळ यायचं, आणि त्या बळावर ती भाकरी थापायची. पुरुषांची पंगत, लेकरांची पंगत, आत्याबाईंचं ताट, सगळं चटाचट. घरातले खूश. औषध लागू पडलं म्हणायचे. औषधाचा सगळा जोर पुरुषांच्या भाकरीत जायचा, आणि आम्ही दोघी जेवायला बसेपर्यंत तिचा हात पुन्हा हनुवटीला लागलेला असायचा. ती वाळत चालली होती. अंगातली चोळी ढिली झाली, पाटल्या कोपरापर्यंत सरकू लागल्या.

मी म्हटलं, "आक्का, सांगते बघ म्या आत्याबाईला."

तिनं माझं मनगट धरलं. "गप बस. आत्ता कुठं मला खरी मानल्यात ती. औषधानं बी भागंना म्हणलं तर पुन्यांदा ईटची गाडी जुंपतील. लेकरं हायत गं माझी."

"आन् मेलीस म्हंजी?"

"सुनंनं सासऱ्याच्या आधी जेवायचं का मग? तूच सांग." आणि हसली. ते हसणंही आता नाकातून यायला लागलं होतं.

मग एका बाजाराच्या दिवशी व्हायचं ते झालं. गाड्याच गाड्या आलेल्या. जंगमस्वामीही आलेले. पंगती उठता उठेनात. आम्ही बसलो तेव्हा आक्काची मान खांद्यावर पडत होती. भुकेजलेली होती बिचारी. आमटीत कुस्करलेला घास तिनं तोंडात घातला, गिळायला गेली, आणि आमटी नाकातून बाहेर आली. पुढं श्वासच येईना. डोळे पांढरे, ओठ काळेनिळे. मी किंचाळले. आत्याबाई धावत आल्या, तिला पालथी घालून पाठीत गुद्दे मारले, तोंडात बोटं घालून घास काढला. मोठ्या मुश्किलीनं श्वास आला.

आत्याबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन पदरानं तिचं तोंड पुसत होत्या. "गोळी दिली हुती की म्या. गोळी चुकली न्हाय की."

मग माझी जीभ सुटली. सासूपुढं कसं बोलावं याचं भान राहिलं नाही. "गोळी चुकली न्हाय, आत्याबाई. गोळी दिवा लावताना अन् घास आत्ता! डॉक्टर काय म्हणले हुते? अर्ध्या तासानं जेवा म्हणले. अर्ध्या तासानं ही तुमच्या लेकाला वाढत असती. समद्या गावाची उष्टी निघाल्यावर हिची पाळी. तवर गोळी कुठं ऱ्हाती?"

 मला वाटलं, आता माझीही माहेरची गाडी निघते.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्यांनी नेहमीसारखी गोळी दिली. मग स्वतः चुलीपुढं बसून भाकरी थापली. थोड्या वेळानं ताट वाढलं, पाट मांडला आणि आक्काला म्हणाल्या, "बस."

"मामंजी जेवले न्हाईत."

"बस म्हणते ना."

आक्का बसली. पहिला घास तोंडात गेला आणि नेमके त्याच वेळी सासरे पाय धुऊन स्वयंपाकघराच्या दारात. थोरली सून ताटावर बसलेली आणि आपण अजून उपाशी, असं त्या घरात कुणी बघितलं नव्हतं. आक्का ताट उचलून उठायला लागली. आत्याबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली दाबलं आणि नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या, "गोळीचा येळ हाय तिच्या."

सासरे तसेच मागं फिरले. ओसरीवर मुक्कामाचे दोघे शेतकरी जेवणाची वाट बघत होते. त्यांना म्हणाले, "जरा दम काढा. तवर ज्वारीचं बोलू."

त्यानंतर ते रोज तसेच ओसरीवर बसायचे. त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत, ना बरा ना वाईट. मात्र बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, असं न बोलता ठरलेलं होतं. पाहुणे असले की आत्याबाई स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायच्या. तरीही चुलतसासूला वास लागलाच. "आता काय, सासऱ्याला सुनंचं उष्टं वाढा," असं ती गावभर म्हणत फिरली. आत्याबाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं. आक्काच्या अंगावर मांस धरलं. पाटल्या पुन्हा मनगटावर आल्या.

पुढं रझाकारांची धामधूम सुरू झाली. सरहद्दीजवळच्या पुष्कळ घरांसारखे आम्हीही दुकानाला कुलूप लावून, आडवाटेनं गाडी घालून बार्शीकडं गेलो. तिथं एका रिकाम्या वखारीत कितीतरी कुटुंबं उतरली होती. स्वयंपाक सगळ्यांचा मिळून व्हायचा. पहिली पंगत पुरुषांची, मग लेकरांची, मग बायकांची. अर्थात.

पहिल्याच संध्याकाळी आत्याबाईंनी सवयीनं गोळ्या बांधलेली पदराची गाठ सोडली, आक्काला गोळी दिली आणि अर्ध्या तासानं त्यांच्या ध्यानात आलं, की इथं लोटून घ्यायला दार नाही. पुरुषांची पंगत बसली होती. पत्रावळी मांडल्या होत्या, वाढप चाललं होतं. सासरे मधोमध, शेजारी आमच्या गावचे जंगमस्वामी, पलीकडं निम्मं तेर. आम्ही तिघी खांबाआड उभ्या.  आक्का पुटपुटली, "ऱ्हाऊ द्या आजच्या दिस. पाणी पिऊन निजते म्या."

सासऱ्यांनी मान वर करून आमच्याकडं बघितलं. मग हातातला घास पत्रावळीवर ठेवला का, की घेतलाच नव्हता, मला आठवत नाही. ते उठले. भरल्या पंगतीतून, स्वतःची पत्रावळ दोन्ही हातांवर घेऊन, ते आमच्याकडं चालत आले आणि ती त्यांनी आक्काच्या पुढ्यात, जमिनीवर ठेवली. वाढणारा एक जण ओरडला, "मामा, बायकांची पंगत मागनं हाय!"

सासरे त्याच्याकडं वळले. आडतीवर भाव पुकारायचे त्या आवाजात म्हणाले, "आमच्या घरची रीत हाय. थोरली सून जेवल्याबिगर आमी घास घेत न्हाय."

वखारीत चुळबूळ झाली आणि थांबली. माझे मालक पंगतीतून माझ्याकडं बघत होते, ही रीत कधीपासून, असा चेहरा करून. मी पदर तोंडात धरला होता, हसू येत होतं की रडू, मला तेव्हाही कळलं नाही. सासरे पंगतीत परत गेले नाहीत. तिथंच खांबाला टेकून, आक्काकडं पाठ करून बसले, तिला लाज वाटू नये म्हणून.

आक्का सावकाश, एकेक घास चावून जेवली. मग आम्ही सगळे जेवलो.